वाढत्या ख्रिस्तमंडळीचे व्यासपीठ : नेपथ्य व प्रकाशयोजना

एखाद्या ख्रिस्तमंडळीची संख्या साठावरून सहाशेवर गेली म्हणजे तिच्यापुढे पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा दिसण्याचा उभा राहतो. लहान प्रार्थनागृहात पाळकाचा चेहरा सर्वांना सहज दिसतो. शाळेचे सभागृह अथवा चित्रपटगृह भाड्याने घेतले की शेवटच्या रांगेतील उपासकाला केवळ एक हलणारी आकृती दिसू लागते. मग उंच मंच, मागील पडदे, रंगीत दिवे यांची योजना सुरू होते. ही योजना सजावटीचा विषय मानली जाते. परंतु उपासनेत जे घडते ते मुख्यत्वे बोलणे, ऐकणे आणि प्रतिसाद देणे होय, म्हणून तिचा विचार भाषाव्यवहाराच्या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

प्रोटेस्टंट मंडळ्यांचा नाट्यगृहाशी संबंध नवा नाही. १८३२ साली न्यूयॉर्कमधील चॅटम स्ट्रीट नाट्यगृहाचे उपासनामंदिरात रूपांतर झाले व चार्ल्स फिनी हे सुप्रसिद्ध धर्मोपदेशक तेथे उपदेश करू लागले. १८३६ साली ब्रॉडवे टॅबर्नॅकल उभे राहिले. तेथे श्रोत्यांची आसने वक्त्याभोवती वर्तुळाकार मांडलेली होती. इलिनॉय राज्यातील विलो क्रीक ही मंडळी १९७५ साली एका चित्रपटगृहात भरू लागली आणि १९८१ साली स्वतःच्या वास्तूत गेली. या सर्वांच्या मुळाशी एकच गरज दिसते : वक्त्याचे मुख दिसावे.

ही गरज निव्वळ भावनिक नव्हे. १९५४ साली संबी व पोलॅक या संशोधकांनी दाखवून दिले की, गोंगाट जसजसा वाढतो तसतसा बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा लाभ अधिक होतो. पुढे १९७६ साली मॅकगर्क व मॅकडोनल्ड यांनी 'बा' हा ध्वनी ऐकवून त्याच वेळी 'गा' उच्चारणारे ओठ दाखविले, तेव्हा बहुतेक प्रौढांना 'डा' ऐकू आले. म्हणजे डोळा हा श्रवणाचा भागीदार आहे. आपल्या भाषेतले उदाहरण घ्यावयाचे तर 'पाप', 'ताप' आणि 'काप' हे शब्द घुमणाऱ्या सभागृहात कानाला सहज फसवितील. परंतु 'प' उच्चारताना ओठ मिटतात, ते ज्याला दिसले त्याचा घोटाळा होत नाही. उपदेशात पापाच्या जागी ताप ऐकू येणे ही काही लहानसहान चूक नव्हे!

तेव्हा प्रकाशयोजनेचे पहिले काम ओठ दाखविणे. केवळ डोक्यावरून पडणारा प्रकाश डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळोख करतो, व नेमके तोंडच सावलीत जाते. येल विद्यापीठातील स्टॅन्ले मॅकॅन्डलेस यांनी १९३२ साली ग्रंथरूपाने मांडलेली पद्धत येथे उपयोगी पडते : समोरून, डाव्या व उजव्या बाजूस सुमारे ४५ अंशांवर आणि तितक्याच उंचीच्या कोनातून दोन दिवे, एक किंचित उबदार छटेचा, दुसरा किंचित शीतल. सभागृहाची उंची मात्र नेहमी साथ देत नाही. वक्त्याचा चेहरा जमिनीपासून सव्वादोन मीटर आणि छत चार मीटर असेल, तर ४५ अंशांसाठी दिवा चेहऱ्यापासून अवघा पावणेदोन मीटर पुढे येतो. इतक्या जवळून वक्ता एक पाऊल हलला तरी उजेड बदलतो, कारण अंतर दुप्पट होताच प्रकाश चौथाई उरतो. अशा वेळी दिवा तीन मीटर मागे न्यावा आणि ३० अंशांचा कोन स्वीकारावा. त्यामुळे पडद्यावर पडणारी लांब सावली टाळण्यासाठी वक्त्याला पडद्यापासून चांगले दूर उभे करावे. गडद निळा व तांबडा प्रकाश गायनाच्या वेळी शोभेल. उपदेशाच्या वेळी तो ओठांची कड पुसून टाकतो.

नेपथ्याविषयी थोडक्यात. (संस्कृतात 'नेपथ्य' म्हणजे वेशभूषा व पडद्यामागील जागा, मराठीने तो शब्द पडद्यापुढे आणून ठेवला.) भाड्याच्या सभागृहात रविवारी सकाळी जे उभारावयाचे ते दुपारी उतरवावे लागते, म्हणून चौकटीवर ताणलेले निस्तेज रंगाचे कापड किंवा हलक्या लाकडी फळ्या पुरेत, कापड मात्र अग्निरोधक हवे. वक्त्यामागे झगझगीत चित्रफलक लावण्याची हौस आवरावी. डोळा सर्वांत उजळ वस्तूशी जुळवून घेतो आणि तिच्यापुढील चेहरा काळवंडतो. फलक हवाच असेल तर त्याची दीप्ती चेहऱ्यापेक्षा कमी ठेवावी.

आमच्या मते खरा धोका वेगळाच आहे. मंच उजळताना सभागृह अंधारात बुडविण्याची रीत नाट्यगृहातही प्राचीन नव्हे. १८७६ साली बायरॉइट येथे वाग्नरच्या नाट्यगृहात अंधारलेले प्रेक्षागार हे तिचे ठळक उदाहरण. उपासनेत ती आणली म्हणजे गीतपुस्तक वाचता येत नाही, शेजाऱ्याचे मुख दिसत नाही आणि सामुदायिक उत्तरांचा आवाज खाली बसतो. मराठी बायबलाने मूळ ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी 'मंडळी' हा शब्द योजिला. त्याचा अर्थ वास्तू नव्हे, जमलेली माणसे. म्हणून दिव्यांच्या खर्चाचा अंदाज करताना आसनांवरील दिव्यांसाठीही तीव्रता कमीअधिक करण्याची सोय प्रथमपासून धरावी, आणि मंडळी गात किंवा उत्तर देत असताना बारीक अक्षर वाचता येईल इतका उजेड शेवटच्या रांगेपर्यंत ठेवावा.