तापीकाठी पट्टकदंब बघायचाय? आधी लपायला शिका

शिंदखेड्याच्या पक्षीमित्रांनो, थंडी पडली की सुलवाडे बॅरेजचा फुगवटा आणि मुडावदचा पांझरा-तापी संगम पहाटे जरूर धुंडाळा. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले तर तो पट्टकदंब. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करून हिमालय ओलांडत येणारा हंस! त्याचं उड्डाण 7 हजार मीटरपेक्षा उंच नोंदलं गेलंय.

परदेशात हंसांच्या शिकारीसाठी नकली पक्षी मांडतात, शिट्टीने आवाज काढतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, आणि आमिष दाखवणं, फासे लावणं, थवा हाकणं हीसुद्धा शिकारच ठरते. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणंही नकोच. दमून आलेल्या पक्ष्याला उगाच का उठवायचं?

त्या शिकाऱ्यांचं लपणं मात्र मनापासून शिका. हंस रात्री आणि पहाटे हरभरा-गव्हाच्या शेतात चरतात, दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणून उजाडण्याआधीच जागा धरा. शेतमालकाला विचारून बांधावर पऱ्हाट्यांचा आडोसा करा. मातकट कपडे घाला, चेहरा आणि हात झाका. उघडी त्वचा लांबून चमकते. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, त्यामुळे वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर थवा समोरून दिसतो. पहाऱ्यावरच्या हंसांनी माना ताठ केल्या की हलू नका. सगळ्यांनीच केल्या तर तुम्ही फार जवळ गेलात, हळूच मागे सरका.

नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर त्यावरची अक्षरं नक्की टिपा.