तारीख नको, पारा पाहा: सॅलडचा वाफा

आज हिवाळी भाज्या आणि सॅलडचा पाला. मी रायपूरचा हिशेब सांगतो. नागपूर किंवा जबलपूरच्या गच्चीवरही थोड्या फरकाने तोच चालेल.

आपल्याकडे या भाज्यांना त्रास होतो तो उष्म्याचा. रायपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण १२-१३ अंशांवर येतो, पण दुपार २७-२८ची असते. ऑक्टोबरची दुपार तिशीच्या वर आणि मार्चची पस्तिशीच्या. म्हणजे कामाची थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जेमतेम ९० दिवस. म्हणून सगळं बी एका दिवशी पेरायचं नाही.

पहिला टप्पा ऑक्टोबरचा, पाऊस ओसरल्यावर. यात थोडा उष्मा सोसणाऱ्या भाज्या घ्या: लाल माठ, मुळा, पालक, ‘पुसा केसर’ गाजर. आपला देशी पालक हा खरं तर बीटचा भाऊबंद आहे. विलायती पालक वेगळा. त्याला जास्त थंडी लागते आणि उष्मा वाढला की तो लवकर फुलावर जातो. मेथी-कोथिंबीर महिनाअखेरीस टाका.

दुसरा टप्पा नोव्हेंबरचा, लेट्यूसचा. माती ३० अंशांच्या वर तापलेली असली, तर याचं बी उगवतच नाही, झोपून राहतं. लोक दुकानदाराला दोष देतात. बी ओल्या फडक्यात गुंडाळून २-३ दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग पेरा. वर मातीचा थर नको. नुसती भुरभुरा, कारण या बियाला उजेड लागतो. गड्डा धरणाऱ्या जातीपेक्षा सुट्या पानांची जात घ्या. दर १५ दिवसांनी एक ओळ पेरा, शेवटची डिसेंबरअखेर. बाहेरची पानं तोडत राहा, मधला कोंब वाढू द्या.

फ्लॉवरमध्ये जात चुकली की हंगाम गेला. लवकर येणारी जात उशिरा लावली तर बटणाएवढे गड्डे येतात. ‘स्नोबॉल’सारखी उशिराची जात लवकर लावली तर नुसता पाला वाढतो. रोपं घेताना जात विचाराच.

इथली माती दोन टोकांची. भाटा लाल, मुरमाड. पाणी धरत नाही. कन्हार काळी, पाणी साचवते. दोन्हींवर उपाय एकच: वीतभर उंच वाफा आणि भरपूर कुजलेलं शेणखत. सॅलड आपण कच्चं खातो, म्हणून ताजं शेण आणि सांडपाणी वाफ्यात अजिबात नको. पानं वाहत्या पाण्यात एकेक करून धुवा.

छत्तीसगडची एक युक्तीही घ्या. इथे हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करतात. खुडलं की झाडाला फांद्या फुटतात आणि पुन्हा शेंडे मिळतात. कुंडीतही जमतं.

फेब्रुवारीत लेट्यूसचा दांडा उंच होऊ लागला की पानं कडू होतात. मग पाणी-खत वाढवून उपयोग नाही. उपटा आणि त्या वाफ्यात भेंडी-गवार लावा.

तुमच्या गावी रात्रीचा पारा २० अंशांखाली कधी उतरतो, ते यंदा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी लेट्यूसची पेरणी त्यावरूनच ठरवा.