नव्या प्राण्याचा खर्च कोणीं सोसावा?

शहराच्या प्राणिसंग्रहालयांत एखादा नवा प्राणी यावयाचा असला म्हणजे ती वार्ता घरोघरीं पोंचते. मुलें हट्ट धरतात, वडील माणसें रविवारचा बेत ठरवितात आणि वर्तमानपत्रें छायाचित्रें छापतात. हा उत्साह स्वाभाविक आहे व तो चांगलाहि आहे. परंतु त्या प्राण्यासाठीं जें घर बांधावयाचें, त्याला जें अन्न द्यावयाचें, त्याच्या सेवेस जीं माणसें ठेवावयाचीं, त्या सर्वांचा पैसा कोठून यावयाचा, हा प्रश्न आपल्यापैकीं थोडेच जण विचारतात. आज आपण तोच प्रश्न हातीं घेऊं.

मुंबईकरांचें प्राणिसंग्रहालय म्हणजे भायखळ्याची राणीची बाग. हें उद्यान १८६२ सालीं लोकांसाठीं खुलें झालें. आरंभीं तेथें केवळ झाडेंझुडपें होतीं. प्राण्यांची भर १८९० च्या सुमारास पडली. पुढें या उद्यानास वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव देण्यांत आलें. बागेची व्यवस्था मुंबई महानगरपालिका पाहते. म्हणजे शेवटीं मुंबईचा करदाताच या प्राण्यांचा यजमान आहे.

या बागेंत २६ जुलै २०१६ रोजीं दक्षिण कोरियांतील सेऊल शहराहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांपैकीं एक त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत जंतुसंसर्गानें दगावला. उरलेले सात मार्च २०१७ पासून लोकांना पाहावयास मिळाले. हा पक्षी मूळचा पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा. तेथील समुद्रांतून थंड पाण्याचा एक मोठा प्रवाह वाहतो व त्या पाण्यांतील माशांवर हा पक्षी जगतो. मुंबईच्या वैशाखांत त्याला जगवावयाचें म्हणजे त्याच्या कक्षांतील हवा अठरा अंशांच्या वर जाऊं न देणारीं यंत्रें रात्रंदिवस चालवावीं लागतात. तळ्याचें पाणी सतत गाळून घ्यावें लागतें. ताजे मासे रोज आणावे लागतात. पशुवैद्य हाताशीं असावा लागतो. वीज गेली तर दुसरी सोय तयार ठेवावी लागते; कारण ही बाब एका रात्रीपुरतीहि थांबवितां येत नाहीं.

येथें थोडें गणित करूं. चाळीस वर्षें वर्गांत हिशेब शिकविल्यामुळें ती संवय मला सुटलेली नाहीं. २०२१ सालीं महानगरपालिकेनें या कक्षाच्या देखभालीची जी निविदा काढली, तिचा अंदाज तीन वर्षांस सुमारें १५ कोटि रुपये होता. म्हणजे वर्षास ५ कोटि, आणि दिवसास सुमारें १ लक्ष ३७ हजार रुपये. बागेचें मोठ्या माणसाचें तिकीट त्या वेळीं ५० रुपये होतें. तेव्हां केवळ या एका कक्षाचा खर्च तिकिटांतून काढावयाचा झाला, तर दररोज, पावसापाण्याच्या दिवशींसुद्धां, सुमारें २,७४० मोठीं माणसें पूर्ण दरानें आंत आलीं पाहिजेत. मग वाघ, हत्ती, हरणें, माळी, पहारेकरी यांचा खर्च अद्याप उरलाच. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. नवा कक्ष बांधण्याचा खर्च एकदां होतो व तो सर्वांना दिसतो. प्राणी पोसण्याचा खर्च रोज होतो व तो कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं.

नवा प्राणी आला म्हणजे गर्दी वाढते, उत्पन्नहि वाढतें, हें खरें आहे. पेंग्विन आल्यावर राणीच्या बागेंतहि तसेंच झालें. पण ही गर्दी किती दिवस टिकते? या बाबतींत लंडनचा एक जुना दाखला पाहण्यासारखा आहे. तेथील प्राणिसंग्रहालय १८२८ सालीं सुरू झालें, तें केवळ संस्थेच्या सभासदांसाठीं. पुढें पैशाची टंचाई भासूं लागली, म्हणून १८४७ पासून सर्वांनाच पैसे घेऊन आंत सोडूं लागले. १८५० च्या मे महिन्यांत ईजिप्तहून तेथें ओबेश नांवाचा एक पाणघोडा आणण्यांत आला. लंडनच्या लोकांनीं असा प्राणी कधीं पाहिला नव्हता. त्या वर्षीं प्रेक्षकांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. पुढें कांहीं वर्षांतच लोकांचें कुतूहल ओसरलें. ओबेश मात्र १८७८ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें, तेथें राहिला व रोजचें अन्न खात राहिला. लोकांची हौस एक-दोन वर्षांची आणि प्राण्याचें आयुष्य एका पिढीचें! नव्या प्राण्याच्या खर्चाचा विचार करतांना हें अंतर विसरून चालणार नाहीं.

आतां पैसा येण्याचे मार्ग पाहूं. ते मुख्यतः तीन आहेत: तिकीट, कर आणि देणगी.

तिकिटाचा मार्ग वरवर पाहतां न्यायाचा दिसतो. जो पाहील त्यानें द्यावें. राणीच्या बागेंत पूर्वीं मोठ्या माणसास ५ रुपये व मुलास २ रुपये पडत. १ ऑगस्ट २०१७ पासून ते दर अनुक्रमें ५० व २५ रुपये करण्यांत आले. आईवडील व दोन मुलें यांस मिळून १०० रुपये ठरले. म्हणजे ज्या कुटुंबाचें पूर्वीं १४ रुपयांत भागत होतें, त्याला आतां सातपट रक्कम मोजावी लागली. ज्याची मिळकत चांगली आहे, त्याला यांत कांहीं वाटणार नाहीं; नाटकाचें तिकीट याहून पुष्कळ महाग असतें. परंतु रोजंदारीवर पोट भरणाऱ्या बापास शंभर रुपये आणि वर गाडीभाडें हा विचार करावयास लावणारा खर्च आहे. परळ-लालबागच्या चाळींतील मुलांच्या कितीएक पिढ्यांनीं वाघ प्रथम पाहिला तो याच बागेंत. सुधारणेची किंमत म्हणून तेंच मूल दाराबाहेर राहणार असेल, तर ती सुधारणा कोणासाठीं?

तिकिटाच्या मार्गांत दुसरीहि एक अडचण आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें बाग बंद झाली, ती १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं पुन्हा उघडली. या अकरा महिन्यांत तिकिटाचा एक रुपया आला नाहीं. परंतु एकाहि प्राण्याचें जेवण थांबवितां आलें नाहीं. ज्या घरचें उत्पन्न बंद पडूं शकतें पण खर्च बंद पडूं शकत नाहीं, त्या घरानें केवळ त्या उत्पन्नावर विसंबून राहूं नये, हें सांगावयास अर्थशास्त्री नको.

मग तिकिटावांचून बाग चालवितां येते काय? येते. त्याचें उदाहरण म्हणून अमेरिकेंतील सेंट लुइस या शहराकडे बोट दाखवितां येईल. तेथें १९०४ सालीं जागतिक प्रदर्शन भरलें होतें. त्यासाठीं बांधलेला पक्ष्यांचा एक प्रचंड पिंजरा प्रदर्शन संपल्यावर शहरानें विकत घेतला. तेथून त्या संग्रहालयाचा आरंभ झाला. १९१६ सालीं नागरिकांनीं मतदान करून आपण होऊन स्वतःवर एक लहानसा कर बसवून घेतला. शंभर डॉलरांच्या मालमत्तेमागें वर्षास दोन सेंट, एवढाच तो होता. पण तो दरवर्षीं, न चुकतां, येत राहिला. त्या भरंवशावर १९२१ मध्यें अस्वलांसाठीं गजांऐवजीं खंदक ठेवून मोकळीं आवारें बांधण्यांत आलीं, व त्यांचे कृत्रिम कडे जवळच्या खऱ्या दरडींचे ठसे घेऊन बनविण्यांत आले. पुढें आसपासचा प्रांतहि या कराच्या व्यवस्थेंत सामील झाला. तेथें कांहीं खास करमणुकींना व गाड्या उभ्या करण्यास पैसे पडतात. पण मुख्य दारांतून श्रीमंत व गरीब दोघेहि आजपर्यंत फुकटच आंत जातात.

याच शहरांतील दुसरी गोष्ट आमच्या शिक्षकांच्या मनास विशेष रुचेल. त्याच सुमारास तेथील शाळकरी मुलांनीं एकेक पैसा गोळा करून संग्रहालयासाठीं एक हत्तीण विकत घेतली. तिचें नांव मिस जिम. ही झाली देणगी, आणि ती फार सुंदर देणगी होती. पण त्या मुलांच्या पैशांतून हत्तीण आली. तिचा जन्मभराचा चारा त्यांतून निघण्यासारखा नव्हता. त्यासाठीं शहराचा नियमित पैसाच पाहिजे होता.

देणगीचें मर्म येथेंच आहे. दात्यास इमारत आवडते. तिच्यावर संगमरवरी पाटी बसते. रोजच्या माशांच्या टोपल्यांवर पाटी बसत नाहीं. यावर म्हैसूरच्या श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयानें चांगली तोड काढली आहे. १८९२ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत कोणाहि नागरिकास एखादा प्राणी दत्तक घेतां येतो. प्राणी घरीं न्यावयाचा नसतो; त्याच्या पोषणाचा ठराविक मुदतीचा खर्च द्यावयाचा असतो. आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतहि अशी योजना आहे. अशा देणगीनें बांधकामाऐवजीं पोटाची सोय होते, हा तिचा मोठा गुण.

तेव्हां करच बरा, असा निष्कर्ष कोणी काढील. पण त्यालाहि मर्यादा आहेत. ज्या महानगरपालिकेनें पाणी, गटारें, रुग्णालयें व शाळा पाहावयाच्या, तिच्या तिजोरींतून एका परदेशी पक्ष्यावर वर्षास कोट्यवधि रुपये जावेत काय, असा प्रश्न मुंबईंत मोठ्यानें विचारला गेला, व तो विचारणें गैर नव्हतें. येथें प्राण्यांच्या निवडीचा संबंध येतो. २०२० सालीं औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानांतून वाघांची एक जोडी राणीच्या बागेंत आली. वाघास प्रशस्त जागा, मांस व कुशल रक्षक लागतात. पण आमची हवा त्याला मानवते, तिच्याशीं यंत्रांनीं झगडावें लागत नाहीं. असे प्राणी पुष्कळदां एका संग्रहालयाकडून दुसऱ्याकडे अदलाबदलीनें, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेनें, मिळतात. परदेशी प्राणी कधीं आणूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. पेंग्विन पोहतांना पाहून मुलास जें कळतें, तें पुस्तकांतील चित्रावरून कळत नाहीं. मात्र तो आणतांना त्याचा सारा हिशेब आधीं मांडावा.

हा हिशेब कसा मांडावा? माझ्या मतें प्रत्येक नव्या कक्षापूर्वीं तीन आंकडे नागरिकांपुढें ठेवले जावेत: बांधणीचा खर्च, एका वर्षाच्या पोषणाचा खर्च आणि त्या प्राण्याच्या आयुष्याचीं वर्षें. हम्बोल्ट पेंग्विन माणसाच्या निगराणींत वीस वर्षांहून अधिक जगूं शकतो. वर्षास ५ कोटि धरले, तरी वीस वर्षांचे शंभर कोटि होतात. हा आंकडा पाहून शहर ‘होय’ म्हणो वा ‘नाहीं’ म्हणो. पण तो पाहून म्हणो. ‘होय’ म्हटलें, तर रोजच्या पोषणाचा भार कराच्या नियमित रकमेवर टाकावा, देणगीनें त्याला हातभार लावावा, आणि तिकीट इतकेंच ठेवावें कीं मजुराचें मूल परत फिरणार नाहीं.

श्रोतेहो, पिंजऱ्यांतला प्राणी आपण होऊन तेथें आलेला नसतो. त्याला आपण आणलेलें असतें, आणि आणल्या दिवसापासून त्याचें पोट आपल्या शब्दावर अवलंबून असतें. पुढच्या वेळीं नव्या प्राण्याची बातमी वाचाल, तेव्हां तो केव्हां दिसणार एवढेंच विचारूं नका. त्याच्या विसाव्या वर्षाचा खर्च कोणत्या खात्यांत धरला आहे, हेंहि आपल्या नगरसेवकास अवश्य विचारा.