फाशी, जन्मठेप आणि मग माफी

सोलच्या न्यायालयात २६ ऑगस्ट १९९६ रोजी दक्षिण कोरियाचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष कैद्यांच्या कपड्यांत उभे होते. चुन दू-ह्वान आणि त्याचा लष्करी अकादमीपासूनचा मित्र रोह ते-वू. दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. तो फोटो जगभर छापून आला. चुनला फाशी, रोहला साडेबावीस वर्षे. अपिलात फाशीची जन्मठेप झाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये, अटकेला जेमतेम दोन वर्षे होताहेत तोच, दोघेही माफी मिळवून घरी परतले.

माजी राष्ट्रप्रमुखांना कोर्टात उभे करावे की झाले गेले विसरून जावे, हा वाद निघाला की कोरियाचा दाखला हटकून दिला जातो. त्यात खटल्याचे कौतुक होते. माझ्या मते खटल्याइतकेच त्या माफीकडेही बघायला हवे.

गुन्हा काय होता? डिसेंबर १९७९ मध्ये चुनने बंड करून लष्कर ताब्यात घेतले. पुढच्या मे महिन्यात देशभर लष्करी कायदा लागू झाला. १८ मे रोजी ग्वांगजू शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडण्यात आले. आधी लाठ्या आणि संगिनी, मग सरळ गोळीबार. संतापलेल्या नागरिकांनी सैन्याला शहराबाहेर हुसकावले. पुढचे काही दिवस ग्वांगजू लोकांनीच चालवले. बाजारातल्या बायका भाताचे मुटके वळून पोरांच्या हातावर ठेवत होत्या. २७ मेच्या पहाटे सैन्य रणगाडे घेऊन परतले आणि प्रांतिक कार्यालयात शेवटपर्यंत थांबलेल्यांपैकी अनेक तरुण मारले गेले. दीडशेहून अधिक नागरिकांच्या मृत्यूची अधिकृत नोंद आहे. बेपत्ता झालेले वेगळेच. गोळ्या झाडायचा हुकूम कोणाचा होता, हे चुनने मरेपर्यंत सांगितले नाही.

जुलै १९९५ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायलाच नकार दिला होता. बंड यशस्वी झाले, त्यातून नवी राजवट उभी राहिली, मग आता शिक्षा कशी करणार, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे हरला तो देशद्रोही आणि जिंकला तो राज्यकर्ता! लोक खवळले, मोर्चे निघाले. त्यातच दोघांनी उद्योगपतींकडून उकळलेल्या पैशाचे प्रकरण बाहेर आले. वर्षअखेरीस संसदेने खास कायदा करून खटला भरण्याच्या मुदतीची अडचण दूर केली. त्याआधीच, ३ डिसेंबरला, चुनला त्याच्या गावाहून पकडून आणले होते. एप्रिल १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्या. यशस्वी झालेले बंडही गुन्हाच, हे कायद्यात पक्के झाले. एवढ्या एका गोष्टीसाठीही तो खटला व्हायलाच हवा होता.

माफी दिली राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांनी, नुकतेच निवडून आलेले किम दे-जुंग यांच्या संमतीने. याच किम दे-जुंग यांना चुनच्या राजवटीने १९८० मध्ये फाशी सुनावली होती. त्यांचा मोठेपणा मी नाकारत नाही. स्वतःवरचा अन्याय माफ करणे हा त्यांचा हक्क होता. पण ग्वांगजूत ज्यांची मुले गेली, त्या आयांच्या वतीने माफ करण्याचा हक्क कोणालाच नव्हता.

चुनने त्या माफीचे काय केले? २२० अब्ज वोनहून अधिक दंड त्याच्यावर होता. २००३ मध्ये त्याने कोर्टाला आपल्याजवळ २ लाख ९० हजार वोन, म्हणजे काही हजार रुपये, असल्याचे सांगितले. २०१७ च्या आठवणींत ग्वांगजूत हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराची साक्ष देणाऱ्या दिवंगत धर्मगुरूला त्याने सैतान म्हटले. त्या बदनामीच्या खटल्यात आजारपण पुढे करून तो हजेरी टाळत राहिला आणि गोल्फ खेळताना सापडला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो गेला, तेव्हा दंडाची मोठी रक्कम थकलेलीच होती आणि ग्वांगजूची क्षमा त्याने मागितली नव्हती.

असे खटले म्हणजे राजकीय सूड, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. २००९ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी लाचखोरीची चौकशी चालू असताना आत्महत्या केली. तो आघात देश विसरलेला नाही. पण सुडावर उपाय स्वतंत्र न्यायालये आणि उघड पुरावा हा आहे. त्याऐवजी कोरियाने माफीचा रिवाज पाडला. माजी राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना २०२१ मध्ये माफी, माजी राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांना २०२२ मध्ये माफी. या दोघांच्या चौकशा ज्यांनी चालवल्या आणि लींना पुढे माफीही दिली, त्याच युन सुक-योल यांनी राष्ट्राध्यक्ष असताना ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला. काही खासदार कुंपण चढून संसदेत पोचले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो हाणून पाडला. तुरुंगाचे दार काही वर्षांत उघडते, हे युन यांच्याइतके जवळून कोणी पाहिले होते?

कोरियाच्या घटनेत सार्वत्रिक माफीला संसदेची संमती लागते. एकट्या व्यक्तीच्या विशेष माफीला मात्र ती लागत नाही; निर्णय राष्ट्राध्यक्षांचा असतो. निदान बंड आणि नागरिकांची हत्या या गुन्ह्यांपुरती तरी ही मोकळीक बंद झाली पाहिजे. आधी गुन्ह्याची कबुली द्यावी, दंड पैन्‌पै चुकता व्हावा, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय माफीचा कागद सहीसाठी पुढे येऊच नये.