फडका, धूळ आणि गाडीची चकाकी

शहरातील सोसायट्यांच्या आवारात रोज सकाळी एक दृश्य हमखास दिसते : एक बादली पाणी, एक जुना फडका आणि त्या फडक्याने भराभर पुसल्या जाणाऱ्या ओळीने उभ्या मोटारी. गाडी रोज पुसली जाते, तरी काही वर्षांत तिची चकाकी मंदावते. दोष बहुधा उन्हाला दिला जातो. ऊन अगदीच निर्दोष नाही. पण रंगावरील बारीक ओरखड्यांचा मोठा वाटा या पुसण्याचाच असतो. हे कसे घडते ते समजून घेतले, तर गाडी तर जपता येतेच, शिवाय वर्गात शिकवायचे बरेचसे विज्ञान एका पत्र्यावर दाखवता येते.

रंग असतो तरी किती जाड?

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पत्र्यावर प्रथम विद्युतधारेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर बहुवारिकाचा पारदर्शक लेप असतो. या लेपाला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी ती या लेपाची. अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्यात मिसळलेली असतात.

सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा एक कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. त्यातला पारदर्शक लेप ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढा. गाडीच्या साऱ्या आयुष्यासाठी आपल्याजवळ एवढेच भांडवल असते.

धूळ काय करते?

फ्रीडरिश मोह्ज यांच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. खिडकीची काच सुमारे ५.५ वर येते. क्लिअर कोट काचेहून पुष्कळच मऊ असतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतातच. कोरडा फडका फिरवला की हे कण कापड आणि लेप यांच्यामध्ये सापडतात आणि कानशीसारखे काम करतात. फडका मऊ असून उपयोग नाही. कण कठीण आहेत.

गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाशाचे नियमित परावर्तन होते, म्हणून गाडीत समोरच्या झाडाचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. ओरखड्यांवरून प्रकाश इतस्ततः विखुरतो. हा विखुरलेला पांढरा प्रकाश मूळ रंगात मिसळतो आणि काळी गाडी करडी भासू लागते.

दिव्याभोवतीची वर्तुळे

रात्री दिव्याखाली उभ्या गाडीकडे पाहिले, तर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. त्यावरून कुणीतरी फडका गोल गोल फिरवला असावा असा तर्क केला जातो. तो खरा असेलच असे नाही, आणि हे वर्गात पडताळता येते.

घरातली सपाट बुडाची, वर्षानुवर्षे सर्व दिशांनी घासलेली स्टीलची जुनी ताटली घ्या. खोलीत अंधार करून विजेरीचा प्रकाश तिच्यावर टाका. प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. आता विजेरी सरकवा. वर्तुळेही तिच्याबरोबर सरकतील! ओरखडे खरोखरच वर्तुळाकार असते, तर ते जागचे हलले नसते.

कारण सोपे आहे. ओरखडा म्हणजे बारीक चर. तो प्रकाश पसरवतो, पण आपल्या लांबीला आडव्या दिशेने. त्यामुळे चहूबाजूंना गेलेल्या असंख्य ओरखड्यांपैकी जे प्रतिबिंबाकडून येणाऱ्या रेषेला आडवे असतात, तेवढेच डोळ्यांपर्यंत प्रकाश पाठवतात. ते तुकडे मिळून वर्तुळांचा आभास होतो. बाकीचे ओरखडे असतातच, फक्त त्या क्षणी दिसत नाहीत.

मग धुवावी कशी?

तत्त्व एकच : घासण्यापूर्वी कण सुटले पाहिजेत. गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा थंड झालेला असावा. आधी नुसते पाणी ओतून सैल धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. कापड शाम्पूत बुडवून थोडा भाग पुसावा, साध्या पाण्यात खळबळून पिळावे आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावे. एकच बादली असेल, तर काढलेली वाळू आपण परत गाडीवर नेतो. सुरुवात टपापासून करावी. चिखल आणि वाळू खाली जास्त असते, म्हणून तो भाग शेवटी. चाकांसाठी कापड वेगळे.

साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे तेलाकडे. त्यामुळे तेलकट मळ सुटतोच, शिवाय कापड निसटते राहते. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असल्याने तिचे द्रावण आम्लारिधर्मी असते. ते गाडीवरचे मेण काढून टाकते. पाण्यात रॉकेल घालून पुसल्यास तात्पुरती चमक येते, पण मेण विरघळते आणि उरलेल्या तेलकट थरावर धूळ बसते.

शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर ते उन्हात वाळून कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके उरतात. ताजे ठिपके पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात; नंतर तो भाग लगेच धुवावा. पक्ष्यांच्या विष्ठेतील पांढरा भाग युरिक आम्लाचा. ती उन्हात राहिली की लेपावर कायमचा डाग पडू शकतो. खरवडू नये, ओले कापड काही मिनिटे ठेवून अलगद उचलावी.

पॉलिश आणि मेण

दुकानदारही हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात, पण त्यांची कामे उलट आहेत. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे अतिसूक्ष्म कठीण कण असतात. ओरखडा पॉलिशने बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा लेप झिजवून तो दिसेनासा केला जातो. जुन्या एकथरी रंगाच्या गाड्यांना पॉलिश करताना फडका गाडीच्या रंगाचा होई, म्हणून झीज डोळ्यांना दिसे. आता झिजणारा लेपच पारदर्शक असतो. फडका कोरा दिसला, तरी भांडवल कमी झालेलेच असते. त्यामुळे पॉलिश दर महिन्याला करण्याची गोष्ट नव्हे. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो तर घरी पॉलिशने काढायला जाऊच नये.

मेण काढत काही नाही, भर घालते. कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. अळूच्या पानावर हेच अधिक प्रकर्षाने दिसते, कारण तिथे मेणाबरोबर सूक्ष्म उंचवटेही असतात. मेणाचे संरक्षण मात्र अळवावरच्या पाण्यासारखेच. काही आठवड्यांत वा फार तर काही महिन्यांत ते जाते आणि पुन्हा लावावे लागते. सिलिकायुक्त सिरॅमिक लेप जास्त टिकतात, तरी वाळूचा फडका त्यांनाही ओरबाडतोच.

वर्गासाठी एक हिशेब

नळीतून एक बादली किती सेकंदांत भरते ते विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. पंधरा मिनिटे नळी चालू राहिली तर किती पाणी जाईल आणि दोन-तीन बादल्यांत गाडी धुतली तर किती वाचेल, हे त्यांनीच काढावे. आणि आपली गाडी रोज कुणी पुसत असेल, तर त्यांना दुसरी बादली आणि दोन स्वच्छ कापडे द्यावीत. महागड्या पॉलिशपेक्षा त्याने गाडीचा रंग जास्त टिकेल.