हागणदारीमुक्त गावापासून गृहखात्यापर्यंत : आर. आर. पाटील यांची कारकीर्द

महाराष्ट्राच्या राजकारणात सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँक ही नेतृत्वाची तीन मान्यताप्राप्त प्रवेशद्वारे समजली जातात. सांगली जिल्ह्यात तर हा जणू अलिखित नियमच. त्याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातून, या तिन्हींपैकी एकाही दारातून न जाता, एक माणूस थेट उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचला. रावसाहेब रामराव पाटील, अर्थात आर. आर. ऊर्फ आबा, यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी ठरते ती प्रथम या कारणासाठी. मात्र ती केवळ साध्या राहणीची कथा म्हणून सांगितली, की तिच्यातील खरा प्रश्न बाजूलाच राहतो. ग्रामविकास खात्यात देशाला दिशा देणारे काम करणाऱ्या या मंत्र्याला गृहखात्याने इतके का झगडायला लावले, हा तो प्रश्न.

१६ ऑगस्ट १९५७ रोजी अंजनी या गावी त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. सांगलीत 'कमवा आणि शिका' योजनेत श्रम करीत त्यांनी पदवी घेतली आणि पुढे कायद्याचे शिक्षणही पूर्ण केले. विशी नुकतीच ओलांडली असताना, १९७९ मध्ये, सावळज गटातून ते जिल्हा परिषदेवर निवडून गेले आणि तेथे दशकभर राहिले. हा तपशील वाटतो तितका किरकोळ नाही. गावचा रस्ता, नळयोजना आणि शाळेची गळकी खोली यांचे प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडतात, हे त्यांना मंत्रालयात जाण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. १९९० मध्ये ते काँग्रेसच्या उमेदवारीवर तासगावचे आमदार झाले. १९९५ मध्ये राज्यात युतीचे सरकार आले आणि आबा विरोधी बाकांवर बसले. सभागृहात पूर्ण तयारीनिशी बोलणारा, ग्रामीण ढंगाच्या वक्तृत्वाने समोरच्याला कोंडीत पकडणारा आमदार ही त्यांची ओळख याच काळातली. १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाल्यावर ते शरद पवार यांच्यासमवेत गेले आणि आघाडी सरकारात ग्रामविकासमंत्री झाले.

ग्रामविकास हे खाते त्या वेळी काही मानाचे समजले जात नसे. महसूल, गृह, पाटबंधारे या खात्यांभोवती जी गर्दी असते ती येथे नसते. आबांनी या खात्यातून संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान उभे केले. २०००-०१ पासून सुरू झालेल्या या अभियानाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण तिने सरकारी योजनांची प्रचलित रीतच उलटी केली.

तोपर्यंत ग्रामीण स्वच्छतेची पद्धत अनुदानाची होती. सरकार पैसे देई, ठेकेदार शौचालय बांधी, कागदावर उद्दिष्ट पूर्ण होई. आणि त्या चार भिंतींत पुढे सरपण नाहीतर गोवऱ्या साठविल्या जात. खेड्यात वावरलेल्या कोणालाही हे चित्र नवे नाही. अभियानाने आधी पैसे देणे थांबविले. गावाने स्वतःच्या श्रमातून आणि वर्गणीतून गाव झाडावे, गटारे काढावीत, शौचालये बांधावीत, पिण्याचे पाणी शुद्ध ठेवावे. मग तपासणी समिती येईल, गुण देईल आणि बक्षीस मिळेल. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी स्पर्धा होई. बक्षिसाची रक्कम एखाद्या व्यक्तीच्या हाती न पडता गावाच्या कामासाठी येई.

हे चालले का? बक्षीस थोड्या गावांना मिळत असले, तरी काम हजारो गावांत झाले, हे या रचनेचे इंगित होते. शेजारच्या गावाने बाजी मारली तर आपण का मागे, ही ईर्षा आपल्या खेड्यांत पूर्वापार आहे. कुस्तीचे फड आणि बैलगाड्यांच्या शर्यती तिच्यावरच चालतात. त्या ईर्षेला आबांनी खराट्याच्या कामाला लावले. गाडगेबाबांचे नाव देण्यातही औचित्य होते. आधी गाव झाडायचे आणि मगच कीर्तनाला उभे राहायचे, हा बाबांचा शिरस्ता ज्येष्ठ पिढीच्या स्मरणात होता. पुढे केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला, त्यामागे महाराष्ट्राच्या या प्रयोगाची प्रेरणा होती. अर्थात सारे काही आलबेल नव्हते. तपासणीपुरते चकचकीत झालेले आणि समितीची गाडी वळताच पूर्ववत झालेले गावही होते. तथापि शौचालय हा विषय ग्रामसभेत उघडपणे बोलण्याजोगा झाला, हे श्रेय या अभियानाला द्यावेच लागेल.

डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळ यांनी राजीनामा दिल्यानंतर गृहखाते आबांकडे आले. बनावट मुद्रांक प्रकरणाने तेव्हा पोलीस दल हादरले होते आणि स्वच्छ प्रतिमेचा मंत्री ही सरकारची निकड होती. २००४ च्या निवडणुकीनंतर ते उपमुख्यमंत्रीही झाले. येथून त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा आणि अधिक अवघड भाग सुरू होतो.

डान्स बारबंदी हा या पर्वातील सर्वांत गाजलेला निर्णय. २००५ मध्ये मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यास बंदी घालण्यात आली. विधिमंडळात सर्व पक्षांनी तिला पाठिंबा दिला आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी अमलात आली. तरुण पिढी आणि कित्येक संसार बारच्या नादाने उद्ध्वस्त होतात, ही आबांची भूमिका प्रामाणिक होती आणि ग्रामीण महाराष्ट्राला ती मनापासून पटली होती. पण कायद्याच्या मसुद्यातच एक मोठी फट होती. तारांकित हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना बंदीतून सूट देण्यात आली होती. जे नृत्य साध्या बारमध्ये अनैतिक, तेच तीन तारांकित हॉटेलात चालेल, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी समानतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो या कारणाने ही तरतूद रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १६ जुलै २०१३ रोजी तेथेही राज्य सरकार हरले. २०१४ मध्ये सूट काढून टाकून पुन्हा कायदा झाला. त्यालाही २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नव्या सरकारने वेगळा कायदा आणला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील अनेक जाचक अटी रद्द केल्या.

या साऱ्या लढाईत एक बाजू सतत दुर्लक्षित राहिली. ज्या स्त्रियांचा रोजगार एका रात्रीत गेला, त्यांच्या पुनर्वसनाचा विचार बंदीआधी व्हावयास हवा होता. तो झाला नाही. गावातील दारूचा गुत्ता आणि महानगरातील बार हे एकच दुखणे नव्हे, आणि ग्रामसभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होणारी गोष्ट न्यायालयात टिकतेच असे नाही. आबांचा हेतू निखळ होता असे मानूनही, या निर्णयाला यशस्वी म्हणता येत नाही.

गृहमंत्री असतानाच त्यांनी आपला जुना मार्ग पुन्हा एकदा चोखाळला आणि तेथे ते पुन्हा घरच्या मैदानावर आले. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे गावातच मिटवावेत आणि यशस्वी गावाला लोकसंख्येच्या प्रमाणात पुरस्कार मिळावा, अशी तिची आखणी होती. बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारी कुटुंबे प्रत्येक तालुक्यात सापडतात. त्यांच्यासाठी ही मोहीम मोलाची होती. गावातील प्रबळांच्या दबावाखाली दुबळ्याला तडजोड करावी लागेल, ही शंका मात्र तेव्हाही घेतली गेली आणि ती अनाठायी नव्हती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याने या पर्वावर पडदा पाडला. मोठ्या शहरांत असे लहानसहान प्रकार घडतच असतात, या आशयाचे हिंदीतील एक वाक्य आबा पत्रकारांसमोर बोलून गेले आणि शोकात व संतापात असलेल्या देशाने ते माफ केले नाही. १ डिसेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पद सोडावे लागले. ज्या जिभेने सभा जिंकल्या तिनेच घात केला, असे तेव्हा म्हटले गेले. ते खरेच, पण अपुरे. हल्ल्याला तोंड देण्यातील उणिवा एका वाक्यापेक्षा कितीतरी खोल होत्या आणि त्यांची चौकशी करण्यासाठी राम प्रधान समिती नेमावी लागली.

वर्षभराने, २००९ च्या निवडणुकीनंतर, गृहखाते पुन्हा त्यांच्याकडेच आले. या वेळी त्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद मागून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलीस शहीद झाले होते. पालकमंत्री म्हणून पुणे-नाशिककडे डोळे लावून बसण्याच्या प्रथेत हे पाऊल वेगळे होते, एवढे नमूद करायला हवे. २०१४ पर्यंत ते या पदावर राहिले. त्या वर्षीच्या विधानसभा प्रचारात स्त्रियांविषयी केलेल्या एका असंवेदनशील विधानाबद्दल त्यांना माफी मागावी लागली. निवडणूक मात्र त्यांनी सलग सहाव्यांदा जिंकली.

त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, मुखाच्या कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. तंबाखूचे व्यसन त्यांना सुटले नव्हते. त्यांच्याच सरकारने २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी केली होती, हा दैवदुर्विलास. अंत्यसंस्कार अंजनीतच झाले.

पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ मध्ये त्यांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या. २०२४ मध्ये पुत्र रोहित पाटील पंचविसाव्या वर्षी राज्यातील सर्वांत तरुण आमदार ठरले. त्याच निवडणुकीच्या तासगावातील सभेत, सिंचन प्रकरणाच्या खुल्या चौकशीच्या फायलीवर गृहमंत्री या नात्याने आबांनीच सही केली होती, असे अजित पवार यांनी जाहीरपणे सांगून आपली नाराजी व्यक्त केली. निधनाला नऊ वर्षे उलटल्यानंतरही तासगावची निवडणूक आबांच्याच नावाभोवती फिरत होती.