टेम्पो : लहान व्यापाऱ्याचे वाहन

पेठेत माल उतरविणाऱ्या कोणत्याही लहान मालवाहू गाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो; ती कोणत्या कंपनीची, हे विचारीतही नाही. बँकेत असताना कर्जाच्या अर्जात ‘टेम्पो खरेदीसाठी’ एवढेच कारण मी असंख्य वेळा वाचले. सोबतच्या कोटेशनवर मात्र नाव भलत्याच कंपनीचे असे. एका कारखान्याचे नाव असे सामान्यनाम झाले, यामागे लहान व्यापाऱ्याच्या गरजेचा इतिहास आहे.

‘टेम्पो’ हे जर्मनीतील हॅम्बर्गच्या ‘व्हिडाल अँड सन’ या कंपनीच्या वाहनांचे नाव. त्या देशात 1928 पासून चारपेक्षा कमी चाकांच्या, 200 सीसीपर्यंतच्या वाहनांना परवाना व वाहनकर यांतून सूट मिळाली आणि साध्या दुकानदारालाही तीनचाकी मोटार परवडू लागली. महायुद्धानंतर, 1949 मध्ये, कंपनीने 400 सीसीची ‘हान्सेआट’ ही तीनचाकी बाजारात आणली. तिचे इंजिन पुढच्या एकाच चाकाला गती देई. मागील चाकांकडे शक्ती नेणारी यंत्रणाच नसल्याने मालाचा हौदा जमिनीपासून कमी उंचीवर ठेवता आला. पोती चढविणाऱ्या-उतरविणाऱ्या हमालाला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

हे वाहन भारतात आणले ते मूळचे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक व उद्योजक नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी. जर्मन कंपनीच्या सहकार्याने 1958 मध्ये ‘बजाज टेम्पो’ची स्थापना झाली. प्रारंभी मुंबईत गोरेगाव येथे आणि पुढे पुण्याजवळ आकुर्डीत उत्पादन होऊ लागले. 1969 मध्ये चारचाकी ‘मॅटॅडोर’ आली. साठच्या दशकातच मूळ जर्मन कंपनी दुसऱ्या उद्योगाच्या ताब्यात गेली. पण तिचे नाव आपल्या पेठांमध्ये रुजले ते कायमचे.

या वाहनाने व्यापारात काय बदलले? हातगाडीची मजल गावापुरती, तर ट्रक पूर्ण भरल्याखेरीज भाडे परवडत नसे. त्यामुळे दुकानदार महिन्याचा माल एकदम भरून ठेवी. समजा, महिन्याला 4 लाखांचा माल एकाच वेळी आणला आणि तो सारख्या गतीने विकला गेला, तर सरासरी 2 लाख रुपये गोदामात अडकतात. तोच माल दर आठवड्याला 1 लाखाचा आणला, तर सरासरी 50 हजारच अडकतात. उरलेल्या दीड लाखावरील व्याज वाचते. भांडवलाची ही चपळता हीच टेम्पोची खरी देणगी होय.

2005 मध्ये दोन घटना घडल्या. ‘बजाज टेम्पो’चे नामांतर ‘फोर्स मोटर्स’ असे झाले आणि टाटा मोटर्सची ‘एस’ ही गाडी आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने तीनचाकी वाहनांच्या मालकांशी बोलून तिची आखणी केली होती. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टन क्षमता आणि सुमारे सव्वादोन लाख रुपये किंमत, असे तिचे स्वरूप होते. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. आता तिची विजेवर चालणारी आवृत्तीही रस्त्यावर आहे.

वाहन मात्र हौसेने नव्हे, हिशेबाने घ्यावे. कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार, इंधन, विमा व दुरुस्ती यांच्या बेरजेला महिन्याच्या खेपांनी भागावे. येणारा आकडा भाड्याच्या टेम्पोपेक्षा कमी असेल, तरच स्वतःची गाडी घेणे शहाणपणाचे. दुसरे असे की, मालासाठी मिळालेल्या कॅश क्रेडिटमधून गाडीचे पैसे कधीही भरू नयेत. वाहनासाठी वाहनाच्याच नजरगहाणावर मुदतीचे कर्ज घ्यावे. अन्यथा गाडी दाराशी उभी राहते आणि तिच्यात भरायला मालच उरत नाही. ज्या वाहनाने भांडवल मोकळे करायचे, तेच भांडवल अडवून बसते.